चोपणात उभा राहिलेला धैंचा

बारामतीहून नीरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने सोमेश्वरनगरला निघाले की नीरा डावा कालवा कधी अगदी जवळ येतो, कधी उसाच्या आड दडतो. नदी दक्षिणेला, कालवा उत्तरेला आणि दोहोंच्या मधे हिरवागार बागाईत पट्टा. नदीपलीकडे सातारा जिल्हा. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र लगेच जिरायत माळ सुरू होतो. वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. करंजे गावच्या सोमेश्वर मंदिरावरून साखर कारखान्याला नाव मिळाले आणि कारखान्यावरून या वसाहतीला. श्रावणात मंदिराकडे जाणाऱ्या भाविकांना वाटेवरचा ऊसच दिसतो. बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या पाहणीसाठी या भागात माझे वरचेवर येणे होई. त्यामुळे उसाच्या मागे काय दडले आहे, तेही पाहायला मिळाले. यंदा जुलैअखेरीस पुन्हा गेलो, तो एका जुन्या खातेदाराच्या निरोपावरून.

आधी कालव्याच्या वरचा माळ पाहू. येथे मातीचा थर वीतभरही नसतो. खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तरीही उन्हाळ्यात जेव्हा सारे करपते, तेव्हा हिवर आणि बोर उभे असतात आणि तरवड पिवळ्या फुलांनी भरून येतो. तरवड टिकतो याचे एक साधे कारण असे, की शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बोर पाण्याच्या शोधात मुळे खोल खडकाच्या भेगांत घालते. हिवराची बारीक पाने बाष्प कमी गमावतात. निसर्गाचा चमत्कार म्हणून आपण हात जोडतो, पण प्रत्येक झाडाचा जमाखर्च तपासला तर तो चोख निघतो. कालव्यावरच्या जुन्या दगडी बांधकामातही पिंपळाची रोपे उगवलेली दिसतात. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडते, सांध्यातल्या चिमूटभर चुन्यामातीत रुजते. पाटबंधारे खात्याला ते तोडावे लागते, हेही खरेच. मूळ जाड झाले की दगड हलतो.

माळेगाव खुर्द येथील अशाच ओसाड खडकाळ जमिनीवर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची कोनशिला बसली. दुष्काळ, क्षार, उष्णता अशा निर्जीव कारणांनी पिकांवर येणारा ताण अभ्यासणारी ही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था. तिने प्रयोगासाठी सुपीक जमीन शोधली नाही. खडक फोडून, खड्ड्यांत मुरूम व काळी माती यांचे मिश्रण भरून तेथे पेरू, डाळिंब, चिकू यांच्या बागा उभ्या केल्या. ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या कुळातले फळही उथळ मुरमाड जमिनीत चांगले येते, हे तेथे दाखवले गेले. माळावरच्या शेतकऱ्याला दाखवण्याजोगे असे हे काम आहे.

मला बोलावणे मात्र कालव्याच्या खालच्या बाजूचे होते. तेथील दुःख उलटे आहे. वर पाणी नाही म्हणून, आणि खाली पाणी फार झाले म्हणून.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचे पाणी या तालुक्यात आणण्याचे काम झाले आणि १८८५ च्या सुमारास कालवा वाहू लागला. ऊस आला, गूळ आला, पुढे कारखाने आले. त्याबरोबर जमिनीवर पांढरी फुलीही आली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अभ्यासपत्रिका लिहिली ती १९१० साली, म्हणजे पाणी आल्यावर अवघ्या पंचवीस वर्षांत. कारण गूढ नाही. पाट भरून दिलेले पाणी भारी काळ्या जमिनीत मुरते, निचरा होत नाही, भूजल वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार पृष्ठभागावर राहतात. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला की जमीन पावसात चिखल आणि उन्हात वीट होते. हीच चोपण जमीन. सातबाऱ्यावर ती बागाईतच दिसते, तारण म्हणूनही बागाईतच धरली जाते. तिच्यात ऊस वितभर वाढून पिवळा पडतो, हे उताऱ्यावर कोठे लिहिलेले नसते.

आबांची सहा एकरांपैकी अडीच एकर अशी झाली आहे. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. त्याचे म्हणणे, तुकडा रस्त्यालगत आहे, प्लॉटिंगसाठी मागणी आहे, विकून मोकळे व्हावे. ‘साहेब, तुम्ही आकड्यांतले माणूस. याला काय ते सांगा,’ असे आबा म्हणाले. आणि मुलगाही ‘काका, तुम्हीच बाबांना समजवा,’ असे म्हणाला. दोघांनी मला एकाच वाक्यात आपापल्या बाजूला ओढले.

आम्ही तिघे बांधावरून फिरलो. अगदी खालच्या कोपऱ्यात वेडी बाभूळ माजली होती. हे झुडूप अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणले गेले. मीठ, दुष्काळ, कुऱ्हाड, काहीच तिला मारू शकत नाही. गरिबाची चूल तिच्यावर पेटते, कोळसा होतो, हा तिचा उपकार मान्य. तरी तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही. संकटात तगलेले झाड पाहून आशा वाटावी असे सारेच म्हणतात, पण मला या कोपऱ्यात ती वाटली नाही. आपण जगलो आणि शेजाऱ्याला जागा ठेवली नाही, अशा चिवटपणाचे कौतुक मी मोजूनमापून करीन.

त्याच्या वरच्या पट्ट्यात धैंचा उभा होता, कमरेच्या वर. मधेमधे टक्कल पडावे तशी पांढरी ठिगळे होती, तेथे तोही खुरटला होता. पण आबांनी पहिल्या वर्षी ठिगळेच जास्त होती म्हणून सांगितले, आणि हे तिसरे वर्ष. धैंचा साचलेले पाणी आणि क्षार दोन्ही सोसतो. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. मुळे घट्ट मातीत वाटा पाडतात. दीड महिन्याने, फुलोरा येण्याच्या सुमारास तो नांगराखाली गाडला की कुजताना निघणारी आम्ले जमिनीतली चुनखडी विरघळवतात. सुटलेला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावतो. जिप्सम घातले तर हेच काम जोराने होते. मातीपरीक्षणाचे कागद मी पाहिले. सामू उतरला आहे, अजून ८.५ च्या वरच आहे.

पर्युषणात हिरव्या भाजीचाही त्याग करणाऱ्या आपल्या वाचकाला उभे हिरवे पीक गाडण्याची कल्पना खटकेल. वनस्पती एकेंद्रिय जीव, हे आपण लहानपणी पाठशाळेतच शिकलो. मलाही ते खटकले. आबांना विचारले तर ते म्हणाले, ‘मेलेल्या जमिनीत तरी कोण जगतंय?’ मी त्यावर वाद घातला नाही. प्रश्न मात्र माझ्यापाशी आहे.

मुलाला मी हिशेब मांडून दाखवला. धैंच्याचे बी, नांगरट, जिप्सम हा खर्च फार नाही. खरा खर्च चराचा. हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला नाही तर तो उन्हाळ्यात परत वर येतो. तीन वर्षे धैंचा जे करतो, ते निचऱ्यावाचून अर्धेच राहते. चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर खालच्या तिघांच्या शेतांतून जावा लागतो, आणि त्यांच्या जमिनीही आज ना उद्या याच वाटेने जाणार आहेत. तुकडा विकला तर पैसा एकदाच येतो. आणि वरच्या साडेतीन एकरांचे पाणी पुढे मुरणार कोठे, हा प्रश्न विकून सुटत नाही. हे ऐकल्यावर मुलगा पहिल्यांदा खाली वाकला आणि त्याने धैंच्याचे एक रोप उपटून मुळाच्या गाठी पाहिल्या. ‘यंदा विकत नाही,’ एवढेच तो म्हणाला. पुढच्या वर्षाचे बोलला नाही, मीही बोलवले नाही.

खालच्या दोघांनी चराला होकार दिला आहे. तिसरे मुंबईला असतात. त्यांच्या संमतीचे पत्र आले की दिवाळीनंतर, वाफसा पाहून, खोदाई सुरू करायची आहे. ओढ्याच्या तोंडापासून वर मोजणी करून खुणेच्या खुंट्या आबांनी आताच ठोकून ठेवल्या आहेत.