निळं पाकीट

मार्गळी हा तमिळ महिना लागला. चेन्नईच्या म्यूझिक अकादमीची सकाळची मैफल आटोपून थेट मूर मार्केटला गेले. १९८५च्या आगीत जुनं लाल मार्केट गेलं. आता सेंट्रल स्टेशनच्या बाजूला नव्या इमारतीत जुन्या तबकड्यांचे ढीग असतात. तिथे एम. एस. सुब्बुलक्ष्मींची एल. पी. मिळाली. पाकिटाच्या कडा वाळवीनं कुरतडलेल्या, पण चेहरा शाबूत.

घरी आणून किती वेळ नुसती बघत बसले. चारी बाजू बारा-बारा इंच! चित्रकाराला, छायाचित्रकाराला केवढी ऐसपैस जागा. १९४०च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसनं कोऱ्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा चित्र आणलं, तोवर तबकड्या साध्या कागदातच विकल्या जात. पुढे कॅसेट आली आणि ती सगळी जागा तळहातावर मावेल एवढी उरली. मला ते नुकसान आजही खुपतं.

पाकिटावरच्या साडीचा मूळ रंग आता सांगता येत नाही. छपाईतला पिवळा आणि किरमिजी उन्हानं आधी उडतो, निळा-काळा तग धरतो. त्यामुळे सगळं चित्रच निळसर झालंय. आणि कांचीपुरमचे विणकर मुत्तू चेट्टियार यांनी एम. एस. यांच्यासाठी विणलेल्या साडीच्या रंगाला चेन्नई अजून ‘एम. एस. ब्लू’ म्हणतं!

तबकडीवर खोल चरा आहे. तरी पाकीट पुसून खिडकीपासून लांब, सावलीत ठेवलंय.