माईचा अडुळसा

इंदूरजवळच्या हातोदच्या घराभोवती आजोबांनी अडुळशाचं कुंपण घातलं, ते औषधासाठी नाही. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून. दवाखाना केला तो माईने, म्हणजे आमच्या आजीने. शेजारपाजारच्या मालवी बायकाही “माई, अडूसा दो” म्हणत फाटकाशी यायच्या. हिवाळ्यात पांढरी, जांभळट रेघांची फुलं आली की आम्ही भावंडं ती देठाकडून चोखत असू. त्या झाडात गोड काय ते तेवढंच.

ताज्या पानांतून ठेचून रस निघत नाही, म्हणून माई पुटपाक करी. पानं धुऊन वाटायची, गोळा एरंडाच्या पानात बांधायचा, वरून काळ्या मातीचा जाड लेप आणि मग कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यात. माती लाल झाली की चिमट्याने बाहेर. माती फोडून तो गरम गोळा फडक्यात पिळायची तेव्हा तिची बोटं भाजत, पण ती थांबत नसे. हिरवट-काळा रस, मध, चिमूटभर पिंपळी. तोंड वाकडं केलं की मध कमी व्हायचा, हा घरचा कायदा.

काकूला दिवस गेले तेव्हा मात्र ती कितीही खोकली तरी माईने तिला थेंबभर रस दिला नाही. “पोटुशीला नाही” एवढंच म्हणाली. पानांतलं वॅसिसिन गर्भाशय आकुंचन पावायला लावतं, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिनही त्याच वॅसिसिनवरून बनवलेलं.

मधल्या काकांच्या थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा माईची खरी हुशारी कळली. जुने वैद्य अशा वेळी आधी अडुळसाच देत. तिने मात्र पहाटेच्या बसने त्यांना इंदूरला एमवाय रुग्णालयात धाडलं. क्षय निघाला. गोळ्या महिनोन्‌महिने चालल्या, त्या एकही न चुकता घ्यायला लावल्या; अडुळसा सोबतीला, गोळ्यांऐवजी नाही. वैद्यकीचा अभिमान बाळगणाऱ्या कितीजणांना हे जमतं?

आता आम्ही इंदूर, देवास, पुण्यात पांगलोय. कुणी फोनवर खोकलं की दुसरा हटकून विचारतो, “पुटपाक केलास का?” धाकटीने पावसाळ्यात देवासला कुंडीत फांदी खोचली, ती जोमाने फुटलीय. पण पाचव्या मजल्यावर कंडे पेटवायचे कुठे, यावर भावंडांचं अजून एकमत नाही.