दांडीचा ल

नवं विंडोज चालू झालं आणि उजवीकडे खाली कोपऱ्यात साल आलं १४४७. देश सौदी अरेबिया, तारखांची पद्धतही इथलीच, म्हणून त्याने परस्पर उम्म अल्-कुरा पंचांग लावून टाकलं. समोरच्या भिंतीवर कालनिर्णयात शके १९४७. बरोब्बर पाचशेंचा फरक! हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं, त्याला अधिक महिना नाही. दर वर्षी दहा-अकरा दिवस ते पुढे पळतं, त्यामुळे ही जुळणी कायमची नव्हे. तरी मला उगाचच आनंद झाला. सेटिंग बदलली नाही.

किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत जुनं काही शोधू नये. २००५ साली रबिघजवळच्या या किनाऱ्यावर शहर वसवायची घोषणा झाली. आता बंदर आहे, गोद्या आहेत आणि २०१८ पासून हरमैन रेल्वेचं स्टेशन. गाडी ताशी तीनशे किलोमीटरने धावते. भव्य छताखाली चार माणसं उतरतात, चार चढतात. मला असं ऐसपैस स्टेशन आवडतं, दादर पुरेसं पाहून झालं आहे.

एसएसडी त्याच गाडीने जेद्दाहून आणली. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब, आणि तिला जागेवर धरणारा स्क्रू एवढासा की चिमटीतून निसटला तर गालिच्यात गडप. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता. डिस्क बदलायचीच होती, तर अकराच टाकलं. त्याला टीपीएम २.० लागतं. ते बायॉसमध्ये बंद होतं, चालू केलं. जुनी हार्ड डिस्क गरगरायची, कुरकुरायची. काम चाललंय हे कानाला कळायचं. नवी ढिम्म.

दिवाळीच्या त्या आठवड्यात शेजारी आले, पेनड्राइव्ह घेऊन. दापोलीचे. बंदरात क्रेनच्या देखभालीला असतात.

"दादा, ही माझी फाइल उघडून बघा की. गेल्या वर्षी तुमच्याच मशीनवर नीट दिसली होती."

उघडली. ओळीच्या ओळी रोमन अक्षरं, टिंबं, चौकटी, डॉलरची चिन्हं.

ग्रामपंचायतीला दिलेला जुना अर्ज होता तो, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला. अशा फाइलीत मराठी नसतंच मुळी. आत रोमन अक्षरांचे आकडे, वरून फॉन्ट त्यांना काना-मात्रेचे आकार देतो. फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेला आणि अर्जाचा मुखवटा गळून पडला. महाराष्ट्रातल्या कितीतरी कचेऱ्यांत, छापखान्यांत, दिवाळी अंकांच्या कपाटांत असे मजकूर पडून असतील. कोणी पुसले नाहीत, तरी वाचता येत नाहीत.

विंडोज २००० ने युनिकोड देवनागरी आणली, मंगल या फॉन्टातून. त्याची अक्षरं र. कृ. जोशींची. कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीचे प्राध्यापक; २००८ साली गेले. कागदावर बोरूने मनसोक्त वळणारा हा माणूस, आणि त्याला पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत मात्रा, रफार, जोडाक्षरं बसवायची होती! त्या काळच्या पडद्यांवर बारा पॉइंटातला 'क्ष' वाचता यायचा, हे मला आजही कौतुकाचं वाटतं. मंगलवर नाकं मुरडणारे पुष्कळ. ओळींमध्ये तो फार जागा खातो, हे खरं. पण परदेशात बसून पहिलं मराठी ईमेल ज्या अक्षरांत वाचलं, त्यांच्याशी माणूस इतकं काटेकोर वागत नाही. विंडोज ८ पासून निर्मला पुढे आली. आता मंगल आपण होऊन येत नाही. मराठी भाषा जोडली की देवनागरीच्या पूरक फॉन्टांसोबत उतरतो. मी जोडली.

मग अर्ज मंगलमध्ये नव्याने टाइप केला. शेजाऱ्यांच्या फोनमध्ये छापील प्रतीचा फोटो होता. ते वाचत गेले, मी बडवत गेलो. शेवटी त्यांनी चष्मा वर करून पडद्याजवळ तोंड नेलं.

"हा ल असा कसा? दांडीचा? आमच्या बाईंनी पट्टी मारली असती."

बरोबर होतं त्यांचं. पाकळीचा ल आपला, दांडीचा हिंदीकडचा. शासनाने २००९ मध्ये पाकळीच्या बाजूने निर्णयही काढला. मराठी सुलेखनकाराच्या फॉन्टात हिंदी ल का, यावर मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "राहू दे दादा. ग्रामसेवक ल बघत नाही, सही बघतो. घरपट्टी अब्बांच्या नावावरून माझ्या नावावर झाली म्हणजे बस."