हँगरच्या आगीत नष्ट

परवा रात्री झोप येईना म्हणून जुन्या विमानांच्या नोंदी वाचत बसले होते. (लोक झोप येत नसली की कादंबरी वाचतात, मी हे वाचते. नानांची मुलगी आहे, काय करणार!) या नोंदींमध्ये एका विमानाचं अख्खं आयुष्य एका ओळीत मावतं. नोंदणीची अक्षरं, बनावट, मालकाचं नाव आणि शेवटच्या रकान्यात पुढे त्याचं काय झालं ते. कुणी कोसळलं, कुणी मोडीत निघालं, कुणी परदेशी विकलं गेलं. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. व्हीएच-यूव्हीई, क्लेम केएल ३२. शेवटचा रकाना : हँगरच्या आगीत नष्ट, आर्चरफिल्ड, जून १९३९.

मालकीण होती लोरेस बॉनी. मालकीण म्हटल्यावर माझी उरलीसुरली झोपही उडाली.

ही बाई १८९७ साली दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाला जन्मली. लहानपणीच घरची मंडळी ऑस्ट्रेलियात आली. लग्नानंतर ती ब्रिस्बेनला राहायची, नवऱ्याचा चामड्याच्या वस्तूंचा कारखाना होता. नवऱ्याचा चुलतभाऊ म्हणजे प्रसिद्ध वैमानिक बर्ट हिंकलर. त्याने १९२८ साली तिला विमानातून एक चक्कर मारून आणली आणि तिथेच सगळं बिघडलं, म्हणजे आपल्या दृष्टीने जमलं! १९३० मध्ये नवरा गोल्फ खेळायला गेला की ही गुपचूप विमान शिकायला जायची. नवऱ्याला कळलं तेव्हा त्याने आदळआपट केली नाही. उलट पुढच्या वर्षी तिला जिप्सी मॉथ विमान घेऊन दिलं. तिने त्याचं नाव ठेवलं 'माय लिटल शिप'. माझं छोटं गलबत.

मॉथ हे नाव आपल्याकडच्या जुन्या मंडळींना नवं नाही. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळवला, तो काळ याच मॉथ जातीच्या विमानांचा. एकावर एक पंख, लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि बसायला दोन उघड्या जागा. पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते लहानशा शेडमध्येही मावे. अशा विमानातून लोरेस १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाला पूर्ण प्रदक्षिणा घालून आली, आणि १९३३ मध्ये एकटी इंग्लंडला निघाली. वाटेत मलायाच्या बाजूला वादळामुळे किनाऱ्यावर उतरावं लागलं. समोर म्हशींचा कळप! त्यांना वाचवायला वळवलं आणि विमान पाण्यात उलटं झालं. ते बोटीत घालून कलकत्त्याला आणलं, तिथे दुरुस्त झालं आणि बाई पुढे गेली. ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली. त्या पराक्रमात कलकत्त्याच्या कारागिरांचाही हात आहे, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

मग आलं ते क्लेम. जर्मन बनावटीचं, लाकडी, एकच पंख खालच्या बाजूला, आणि बसायला बंद केबिन. नाव 'माय लिटल शिप टू'. १९३७ साली हे विमान घेऊन ती ऑस्ट्रेलियाहून दक्षिण आफ्रिकेला गेली, एकटी. तोवर या वाटेने एकट्याने कुणीच गेलं नव्हतं, ना बाई ना पुरुष. एप्रिलमध्ये निघालेली बाई ऑगस्टमध्ये केपटाउनला पोचली. नोंदींमध्ये हे 'विक्रम' म्हणून येतं. मला मात्र वाटलं, ही बाई स्वतःचं विमान घेऊन जन्मगावाच्या देशात गेली. आपण नाशिकरोडहून गाडीत बसतो आणि माहेर जवळ आलं की खिडकीशी सरकतो. तेच, फक्त चार महिन्यांचं.

आणि दोन वर्षांनी ते विमान उभ्या उभ्या जळून गेलं. वादळात नाही, समुद्रात नाही. घरी, छपराखाली. लाकूड, सरस, रोगण आणि टाकीतलं पेट्रोल, अशा विमानाला आग लागली की विझवायला काही उरत नाही. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं. तिच्या मनातले लांबच्या सफरीचे बेत तिथेच राहिले. पुढे ती जवळजवळ पंचावन्न वर्षं जगली, १९९४ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी गेली. पण तसा प्रवास पुन्हा झाला नाही.

इथपर्यंत वाचलं आणि मला आमचा बंब आठवला.

घरच्यांना माहीत आहे, नाना ओझरच्या कारखान्यात होते. दिवसभर मिगच्या धातूत हात, आणि रात्री वहीत लाकडी विमानं. पेन्सिलीने काढलेली, बाजूला बारीक अक्षरात मापं. अशा सात-आठ वह्या होत्या. मी बारा वर्षांची असताना नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवायचं काम माझ्याकडे होतं. लाकडं ओली होती. मागच्या पडवीत रद्दीचा गठ्ठा होता, त्यातले कागद फाडून घातले. अंधार होता, थंडी होती, आणि अभ्यंगाची घाई. उजाडल्यावर राखेत एका वहीचा पुठ्ठा दिसला, वर नानांचं अक्षर. आईने वह्या आवराआवरीत रद्दीवर ठेवल्या होत्या.

नाना काही बोलले नाहीत. त्या पाण्याने त्यांनीही आंघोळ केली. फराळाला बसले, मला चकली वाढली. पण नंतर त्यांनी नवी वही कधी आणली नाही. मी पुष्कळ वर्षं म्हणत आले की वह्या गेल्या तरी नानांच्या डोक्यात होतं ना सगळं. लोरेसबद्दल वाचल्यावर कळलं, ही आपण आपलीच समजूत काढतो. केपटाउनपर्यंतचा प्रवास आग पुसू शकत नाही हे खरं. पण जे पुढे व्हायचं होतं ते जळतंच, आणि त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

नाना गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

लोरेसच्या नावाने आज क्वीन्सलँडमध्ये एक मतदारसंघ आहे, बॉनी नावाचा. म्हणजे विमान गेलं तरी कुणीतरी सांगत राहिलं, लिहीत राहिलं. नानांच्या वह्यांसाठी निदान तेवढं तरी करावं म्हणते. मला स्वतःला फक्त दोन चित्रं आठवतात : एक दोन पंखांचं आणि एक शेपटीजवळ खोडलेलं. काका, बेबीआत्या, दिल्लीची मंडळी, तुम्ही त्या वह्या पाहिल्या होत्या. दिवाळीत नाना तुम्हाला त्या दाखवायचे. काही आठवत असेल तर सांगा. एखादं नाव, एखादं माप, काहीही. मी लिहून ठेवीन.

आमच्याकडे बंब आता नाही. गीझर आहे.