पचमढीच्या पठारावर दोन शेकोट्या

इंदूरहून रात्री निघालेल्या जबलपूरच्या गाडीने पहाटेच्या अंधारात आम्हांस पिपरियाच्या फलाटावर उतरवले आणि ती पुढे निघून गेली. सोबत आमच्या शाळेचे अठरा स्काउट, शेजारच्या कन्याशाळेच्या सहा गाइड, त्यांच्या बाई आणि बोचक्यांचा एक ढीग. गाडीचा मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मुली तिच्याकडे पाहत होत्या. आम्ही म्हणालो, "हीच गाडी सकाळी जबलपूरला पोचेल. आपल्या देशातले गाइडांचे पहिले पथक 1911 साली त्याच जबलपुरात निघाले." त्यावर एक मुलगी चटकन म्हणाली, "मग सर, आपण इथे का उतरलो?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या प्रवासाचे मूळ वाचकांना सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी तृतीय सोपानाच्या चाचणीत एका मुलाने लिहिले होते की, बेडन पॉवेल यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1950 रोजी झाला. शिक्षकांच्या खोलीत सर्वजण हसले, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो कागद पुन्हा काढून पाहिला. मुलाने तारखा सगळ्या पाठ केलेल्या होत्या. बेडन पॉवेल यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1857 चा. 7 नोव्हेंबर 1950 हा निरनिराळ्या स्काउट संस्था एक होऊन 'भारत स्काउट्स' स्थापन झाल्याचा दिवस. तारीख खरी होती, फक्त ती कशालाच बांधलेली नव्हती. आमचा विषय मराठी, इतिहास नव्हे. परंतु तीस वर्षांच्या नोकरीत एवढे उमगले आहे की, जी गोष्ट मुलाच्या हातापायांतून गेली नाही ती त्याच्या डोक्यात फार काळ टिकत नाही. म्हणून ठरविले की, दिवाळीची सुटी संपताच मुलांना घेऊन पचमढीस जायचे, तीन दिवस राहायचे आणि स्काउटिंगचा इतिहास पुस्तक न उघडता शिकवायचा. पचमढीत स्काउट-गाइडांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र 1956 पासून आहे. तेव्हा आम्हां स्काउटमास्तरांचे ते एक प्रकारे माहेरच.

पिपरियापासून पचमढी सुमारे पन्नास किलोमीटर. आरंभी गहू-हरभऱ्यासाठी नांगरून ठेवलेली नर्मदेच्या खोऱ्यातील काळीभोर शेते दिसतात. मटकुलीनंतर देनवा नदी ओलांडली की घाट सुरू होतो आणि सागाच्या जोडीला सालाचे वृक्ष दिसू लागतात. हजार मीटरांहून उंच असे हे पठार; भोवती महादेवाचे डोंगर आणि त्यांत सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड, 1352 मीटरांचे. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला आणि महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाला जाणारे विदर्भातील यात्रेकरू या वाटा पिढ्यानुपिढ्या तुडवीत आले आहेत. साहेबांच्या लेखी मात्र पचमढीचा 'शोध' कॅप्टन फॉर्सिथने लावला. 1862 सालचा त्याचा बायसन लॉज आजही उभा आहे. गोंड-कोरकूंच्या गावांना आपला शोध लागल्याची वार्ता केव्हा कळली असेल, असे आम्ही गंमतीने म्हणालो तेव्हा मुले हसली. या विनोदाचे दुसरे टोक उद्या आमच्याकडेच वळणार आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

पहिला दिवस ब्राउनसी बेटाचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या या बेटावर ऑगस्ट 1907 मध्ये बेडन पॉवेल यांनी वीसेक मुलांचे शिबिर भरविले. काही मुले ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, तर काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या सामान्य कुटुंबांतली. लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा अशा चार टोळ्यांत त्यांना मिसळून टाकले होते. आम्हीही चिठ्ठ्या टाकून चार टोळ्या पाडल्या. नावे मुलांनी या रानातलीच घेतली: गवा, अस्वल, शेकरू आणि मोर. ब्राउनसीवर मुलांना कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाच्या शिंगाचा आवाज करून उठवीत. आमच्याकडे देवघरातला शंख होता. तंबू उभारणे, चूल मांडणे, पोळ्या जळणे हे सर्व यथासांग झाले. दुपारी मागोव्याच्या खुणा शिकविल्या. बाण म्हणजे या दिशेने जा, फुली म्हणजे ही वाट नव्हे आणि वर्तुळात ठिपका म्हणजे 'मी घरी गेलो'. ही शेवटची खूण केनियातील न्येरी येथे बेडन पॉवेल यांच्या समाधीशिळेवर कोरलेली आहे. 8 जानेवारी 1941 रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. मुलांना ही खूण फार आवडली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही स्वतः योजिलेला खेळ घेतला. आपल्या देशात स्काउटिंग 1909 साली आले. बंगळुरात कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिले पथक काढले. पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येते आणि मुले ती ओळ ओलांडून जातात. ती त्यांनी ओलांडू नये म्हणून आम्ही शेकोटीभोवती एक दोरी अंथरली. पांढरी चिठ्ठी ज्याला येईल तो दोरीच्या आत, शेकोटीजवळ, हातात शेंगदाण्याची चिक्की. ज्याला कोरी फाटकी चिठ्ठी, तो बाहेर. गणवेश तोच, वचन तेच, गाणी तीच पाठ, तरी बाहेर. पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून 'कसे वाटले?' असे विचारायचे, एवढा आमचा बेत होता.

पंधरा मिनिटे झाली. मुलांनी 'वाईट वाटले', 'राग आला' अशी उत्तरे दिली. आम्ही समाधानाने एक छोटेसे व्याख्यान दिले. नंतर हजेरी घेतली तेव्हा तेवीसच भरली.

तंबू पाहिले, नळ पाहिला. फाटकाजवळ विजेरीच्या उजेडात मातीवर काडीने काढलेले एक वर्तुळ दिसले आणि त्यात एक ठिपका. आमच्या पोटात धस्स झाले. भोवती सातपुड्याचे रान, नोव्हेंबरची थंडी, आणि शिबिरात मोबाइल आणू नये हा नियम आमचाच. मुलांना बाईंच्या स्वाधीन करून दोन थोरल्या स्काउटांसह आम्ही निघालो. ती वाट किती लांब होती ते सांगता येणार नाही. आम्हांस ती फार लांब वाटली.

मुलगा बस-थांब्यावर सापडला. पिपरियाची शेवटची बस निघून गेली होती. चहावाल्याने त्याला जवळ बसवून चहा दिला होता. मुलगा तेरा वर्षांचा. त्याचे नाव येथे देत नाही. त्याची आई एका वसाहतीत धुणीभांडी करते. आमच्या पथकातला दुसरा एक मुलगा त्याच वसाहतीत राहतो. शाळा सुटली की हा आईची वाट पाहत तेथल्या जिन्याच्या पायरीवर बसतो. आत कोणी बोलावीत नाही. त्या सायंकाळी तो दोरीबाहेर उभा होता आणि तो दुसरा मुलगा आत बसून चिक्की खात हसत होता. आमची मुले आपापसांत हिंदीत बोलतात, तो जे बोलला त्याचा आशय असा: "सर, बाहेर उभं राहायची मला सवय आहे. इथे काल तसं नव्हतं. म्हणून वाईट वाटलं."

काल तसे नव्हते, हे खरे. काल तो शेकरू टोळीचा नायक होता आणि तो वसाहतीतला मुलगा त्याच्या हाताखाली पाणी भरीत होता. जे ब्राउनसीवर झाले म्हणून आम्ही कौतुकाने सांगितले, तेच चोवीस तासांत आम्ही आमच्या हाताने मोडले होते. आम्ही त्याची क्षमा मागितली. मुख्याध्यापकाने विद्यार्थ्याची क्षमा मागण्याचे प्रसंग थोडे येतात. येतात तेव्हा ते टाळू नयेत.

परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, पण तुम्ही खेळ पुरा केलाच नाही. बाहेरच्यांनी पुढे काय केलं?"

त्या रात्री झोप आली नाही. आम्ही 1909 दाखविले आणि तेथेच थांबलो. बाहेर ठेवलेली मुले काही पंधरा मिनिटे मुकाट्याने उभी राहिली नव्हती. 1913 मध्ये श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहानपुरात भारतीय मुलांचे पथक काढले. 1916 मध्ये मद्रासेत डॉ. ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संस्था काढली. त्यानंतर थोड्याच काळात अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी वाजपेयींना सोबत घेऊन सेवा समितीचे स्काउट उभे केले. आत घेत नाहीत म्हणून रडत न बसता या लोकांनी आपली शेकोटी पेटविली. पुढे बंद दार उघडले, पण संस्था अनेकच राहिल्या. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू, मौलाना आझाद, मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा आणि कुंझरू अशांच्या खटपटीने त्या एकत्र आल्या. 15 ऑगस्ट 1951 रोजी गाइडांची संस्थाही येऊन मिळाली.

तिसरा दिवस 7 नोव्हेंबरचा. सकाळी धूपगडाच्या वाटेवर मुलांना पावले मोजावयास लावली; एक पाऊल म्हणजे एक वर्ष. 1909 पासून 1950 पर्यंत एकेचाळीस पावले झाली. दोन्ही टोकांना एकेक मुलगा उभा केला आणि बाकीच्यांना ते अंतर नुसते पाहू दिले. त्यावर आम्ही काही बोललो नाही. आदल्या दिवशीचे व्याख्यान आमच्या ध्यानात होते.

सायंकाळी खेळ पुन्हा मांडला, पण या वेळी त्या मुलाने सांगितला तसा. दोरी अंथरली; काल जे आत होते ते आज बाहेर. बाहेर पडलेल्यांनी लाकडे गोळा करून आपली वेगळी शेकोटी पेटविली आणि तिच्याभोवती आपले गाणे म्हटले. तोच मुली उठल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "आम्हीही बाहेरच होतो ना, सर?" खरेच होते. सप्टेंबर 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्काउट मेळाव्यास काही मुली स्काउटांचा वेश करून, कोणी न बोलावता आल्या होत्या. त्यातूनच 1910 साली गाइडांची स्वतंत्र संस्था निघाली. मुलींनी आपली तिसरी शेकोटी मांडली. शेवटी दोरी गुंडाळली. दोन्ही शेकोट्यांतली जळती लाकडे एका जागी आणली आणि थोड्या वेळाने मुलींनी आपली आणून घातली. जाळ चांगलाच वाढला; सर्वांना दोन पावले मागे सरावे लागले. लाकडे नेताना एका मोठ्या ओंडक्याची दोन टोके धरून तो मुलगा आणि वसाहतीतला मुलगा चालले होते. त्यांच्यात काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

आमच्या वाचकांत अनेक शिक्षक आहेत, अनेकांची मुले स्काउट-गाइडांत आहेत. त्यांना अनुभवाच्या दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. या चळवळीचा इतिहास मुलांना खेळातून अवश्य शिकवावा. टोळ्या, खुणा, शेकोटी ही त्याची साधने आयतीच हाताशी आहेत. त्यातली बंद दारे झाकून ठेवू नयेत. परंतु मुलाला दाराबाहेर उभे केले तर खेळ तेथे सोडू नये, दार उघडेपर्यंतची पावलेही त्याच्याकडून चालवून घ्यावीत. आणि बाहेर कोणाला उभे करतो आहोत, तो रोज कोठे उभा असतो, हे आधी जाणून घ्यावे. हे आम्ही घेतले नव्हते.

निघताना फाटकाजवळ मातीत पुन्हा एक वर्तुळ आणि ठिपका दिसला. या वेळी ते चांगले हातभर रुंद होते आणि कडेने चोवीस बुटांचे ठसे. पिपरियाच्या फलाटावर परतीची गाडी जबलपूरच्या बाजूने आली. पुढच्या वर्षी येथे न उतरता थेट जबलपूरपर्यंत जायचे, असे मुलींनी परस्पर ठरवून टाकले आहे. तिकिटांसाठी वर्गणी गोळा करण्याचे काम मात्र आमच्याकडे सोपविले आहे.