नागरिकत्वाआधीचे मत

परक्या शहरात स्थायिक झालेल्या माणसाचे त्या शहराशी नाते बराच काळ करदात्याचे असते, मतदाराचे नसते. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मराठी कुटुंबांचा हा काळ विशेष लांबतो. कारण नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांवर, प्रत्येक देशामागे वर्षाला 7 टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षे सरकत नाही, आणि परवाना मिळाल्यावरही नागरिकत्वाचा अर्ज सर्वसाधारणपणे पाच वर्षांनंतरच करता येतो. या मधल्या वर्षांत मुले इथल्या सरकारी शाळेत शिकून मोठी होतात, कर नियमाने भरले जातात, मात्र त्या शाळेचा कारभार कोणी पाहावा हे ठरवताना पालकांना कोणी विचारत नाही. शिकागो शहरातील एक लहानसे निर्वाचित पद या परिस्थितीला अपवाद आहे, आणि तेथील मराठी पालकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

हे पद म्हणजे ‘लोकल स्कूल कौन्सिल’चे, अर्थात स्थानिक शाळा परिषदेचे, सदस्यत्व. त्याचा उगम लोकांच्या संतापात आहे. 1987 साली शिकागोतील शिक्षकांचा संप 19 दिवस चालला, आधीच खालावलेल्या शाळांची दारे बंद राहिली आणि पालक रस्त्यावर उतरले. त्या वेळचे महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी पालकांना चर्चेत सामील करून घेतले, परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. तरीही ती चळवळ थांबली नाही. डिसेंबर 1988 मध्ये इलिनॉय राज्याने शिकागोच्या शाळांसाठी सुधारणा कायदा केला आणि ऑक्टोबर 1989 मध्ये परिषदांची पहिली निवडणूक झाली, तेव्हा शहरभरातून 17 हजारांहून अधिक उमेदवार उभे राहिले. मतदानाची मूळ पद्धत सर्वांना समान मताधिकार देत नाही या कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये ती अवैध ठरवली, आणि त्यानंतर कायदा दुरुस्त करून प्रत्येक मतदाराला पाच उमेदवारांपर्यंत मते देण्याची मुभा देण्यात आली.

परिषदेत सहा पालक, शाळेच्या परिसरातील दोन रहिवासी, दोन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि स्वतः मुख्याध्यापक असतात. माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात. सदस्यांना मानधन मिळत नाही, मात्र निवडून आल्यावर प्रशिक्षण घेणे बंधनकारक असते. परिषदेकडे तीन प्रमुख कामे असतात: मुख्याध्यापकाची निवड करून त्याच्याशी चार वर्षांचा करार करणे, शाळेच्या सुधारणेचा आराखडा मंजूर करणे, आणि शाळेच्या हाती असलेल्या निधीच्या खर्चाला संमती देणे. मुख्याध्यापकाच्या निवडीसाठी सात मते लागतात. म्हणजेच सहाही पालक एकमताचे असतील, तर त्यांना केवळ आणखी एक मत जोडावे लागते. ज्या माणसाला देशाचा अध्यक्षच काय, साधा नगरसेवकही निवडता येत नाही, त्याला आपल्या मुलीच्या शाळेचा मुख्याध्यापक निवडता येतो, कारण या परिषदेसाठी मत देण्यास वा उभे राहण्यास नागरिकत्वाची अट नाही. पाल्य त्या शाळेत शिकत असणे हाच पालकाचा मताधिकार आहे.

ही निवडणूक दर दोन वर्षांनी होते आणि मतदान शाळेतच होते. पालक शाळेच्या दारातून आत येतो, ओळखपत्र दाखवतो, एरवी ज्यांना मुलांना सोडताना केवळ मान हलवून ओळख द्यायची अशा शेजाऱ्यांची नावे मतपत्रिकेवर वाचतो आणि पाचांपर्यंत खुणा करतो. अनेक शाळांत जागांइतकेही उमेदवार मिळत नाहीत आणि रिकाम्या राहिलेल्या जागा नंतर नेमणुकीने भराव्या लागतात. अधिकार दारापर्यंत आलेला असताना तो घेण्यास कोणी पुढे होऊ नये, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

या पदाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. खासगी संस्थांनी चालवलेल्या चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र करारानुसार चालणाऱ्या शाळांना, अशी परिषद नसते. संपूर्ण शहराच्या शिक्षण मंडळाचे काही सदस्य नोव्हेंबर 2024 मध्ये प्रथमच निवडणुकीने आले, परंतु ते मतदान नागरिकांपुरतेच होते. नेपरव्हिलसारख्या ज्या उपनगरांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेथील शाळा मंडळांनाही नागरिकत्वाची अट लागू आहे. म्हणून नागरिक नसलेल्या पालकाने शाळा परिषदेसाठी अवश्य मत द्यावे, पण सर्वसाधारण मतदार यादीत नाव कधीही नोंदवू नये, कारण त्या चुकीपायी व्हिसा आणि पुढचे नागरिकत्व दोन्ही गमावण्याची वेळ येऊ शकते.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांना ही कल्पना सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने भारतातही शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागा महिलांना मिळाव्यात असे ठरवले आहे. मात्र मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार त्या समितीला नाही, तो शिकागोतील पालकांना आहे. सभा बोलावणे, इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशेब चोख ठेवणे ही कामे 1969 पासून चालत आलेल्या शिकागोच्या महाराष्ट्र मंडळाने मराठी माणसांच्या हातून वर्षानुवर्षे करवून घेतली आहेत, आणि शाळा परिषदेला याहून वेगळे कौशल्य लागत नाही. गणेशोत्सवाच्या मांडवासाठी जी माणसे रात्री जागवतात, त्यांनी महिन्यातील एक संध्याकाळ शाळेला द्यावी. निवडणूक सम वर्षांत होते, आणि उमेदवारीचा अर्ज मुलांच्या शाळेच्या कार्यालयातच देता येतो.