पट्टी उतरवा, माइक नको!

ऑफिस पार्टीत माइक हाती आला की भल्याभल्यांची तंतरते. मग ‘सोपंसं, संथ’ गाणं निवडलं जातं आणि तिथेच घोळ होतो! संथ गाण्याला दम जास्त लागतो. जपान्यांचं ‘एन्का’ असंच. वरवर साधं, पण ‘कोबुशी’ नावाच्या हरकतींनी भरलेलं. आपल्याकडे १९६२ चं ‘शुक्रतारा’ घ्या. श्रीनिवास खळ्यांची चाल ऐकायला मऊ, गायला घाम काढणारी.

आमचं घर रत्नागिरीत, संगीत नाटकांच्या गावात. बाबा हौशी रंगभूमीवर नाट्यपदं गायचे. सत्तरीत वरचा सा लागेना, तसं त्यांनी गाणंच सोडलं. पेटी माळ्यावर गेली. गेल्या गणपतीत मी एका जुन्या भावगीताचा कराओके ट्रॅक काळी तीनवरून काळी एकवर उतरवला आणि माइक पुढे केला. ‘हे चीटिंग आहे,’ म्हणाले. पण गायले, ताना गाळून, शब्दांवर रेंगाळत. आई मोदक वळायची थांबली.

तेव्हा गाणं निवडताना आधी त्यातला सगळ्यात वरचा स्वर गुणगुणून बघा. सहज लागला, तर गाणं तुमचं. नाहीच लागला, तर पट्टी खाली आणा. माइक खाली ठेवू नका.